हाकेला ओ देणे हीसुद्धा कृपाच

गेल्या उन्हाळ्यात आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या तरुणांचे दोन दिवसांचे शिबिर झाले. शेवटच्या दुपारी चर्चेला विषय होता, ‘पाचारण की करिअर?’ पाचारण म्हणजे देवाने एखाद्या कामासाठी माणसाला हाक देणे. विषयच असा मांडला होता की त्यातून भांडण निघावे, आणि तसेच झाले. एका बाजूचे म्हणणे असे, की देवाने स्पष्ट पाचारण केल्याशिवाय पाऊल टाकू नये. आपल्या धावपळीने काही होत नाही. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे प्रेषित पौलाला सांगितले तेच आपल्यालाही पुरे. दुसऱ्या बाजूचे उत्तर तितकेच ठाम होते: पाचारणाच्या नावाखाली आळस पोसू नका, कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे असे बायबलात याकोब सांगतो, मंडळीत शंभर कामे पडली आहेत, उठा आणि करा. दोन्हीकडून वचने फेकली गेली, दोन्हींना टाळ्या मिळाल्या. मागच्या रांगेत बसलेल्या एका नर्सने हात वर करून विचारले, “मी तीन वर्षे प्रार्थना करते आहे. आवाज कसा ऐकू येतो? आणि आलाच नाही तर मी काय करायचे?” एकाने तिला सांगितले, अजून वाट पाहा. दुसऱ्याने सांगितले, वाट पाहू नको, संडे स्कूलला शिक्षिका कमी आहेत. मग चहा आला आणि चर्चा संपली. मीही तिथेच बसलो होतो आणि गप्प राहिलो, याचे मला तेव्हापासून वाईट वाटते आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. दोन्ही बाजू एकाच चुकीवर उभ्या आहेत. देवाचे काम आणि माणसाचे काम म्हणजे दोन भावांमधली शेतीची वाटणी, असे दोघेही धरून चालतात. एकाच्या नावावर चार गुंठे जास्त चढले की दुसऱ्याचे तेवढे कमी झाले. म्हणून कृपेचा कैवारी माणसाचा वाटा कापत जातो आणि कामाचा कैवारी कृपेचा. पण कृपा हा वाटा नाहीच. हाक देवाची असते एवढे सगळे मान्य करतात. हाकेला ओ द्यावीशी वाटणे आणि ओ देण्याचे बळ अंगात येणे, हेही त्याचेच दान आहे असे मानले की वाटणीचे भांडण उरत नाही. फिलिप्पैकरांस लिहिताना पौल म्हणतो की भीत व कापत आपले तारण साधून घ्या, कारण इच्छा करणे आणि कृती करणे ही दोन्ही तुमच्या ठायी देवच घडवतो. या वाक्यात पौलाने ‘पण’ लिहिलेले नाही, ‘कारण’ लिहिले आहे. देव करतो म्हणून तुम्ही बसा, असे तो म्हणत नाही. देव करतो म्हणून तुम्ही उठा, असे म्हणतो. शिबिरातल्या दोन्ही बाजू या ‘कारण’च्या जागी ‘पण’ वाचत होत्या.

कृपेच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा मी हलका मानत नाही. आमच्या मराठी मंडळ्या मिशनच्या अंगणात वाढल्या. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये अहमदनगरला त्यांचे काम सुरू झाले. मग शाळा, बोर्डिंग, दवाखाने आले. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते त्यांच्या हाती पाटी-पुस्तक आले, हे उपकार फार मोठे. पण त्यांच्याबरोबर एक सवयही आली, ख्रिस्ती माणसाची किंमत त्याच्या उपयोगावरून करण्याची. अमुक बाई फार कामाच्या, तमुक भाऊ मंडळीला उपयोगी. पाळकाच्या पत्नीने पेटी वाजवण्यापासून पाहुण्यांच्या स्वयंपाकापर्यंत सगळे केलेच पाहिजे, असे आजही धरून चालतात. अर्धांगवायूने कित्येक वर्षे खाटेवर असलेल्या एका आजींनी मला एकदा विचारले होते, “आता माझा देवाला काय उपयोग?” या प्रश्नापुढे ‘उठा आणि करा’ म्हणणाऱ्यांपाशी शब्द नाही. शब्द कृपेपाशी आहे: तुमचे तारण तुमच्या कामांनी झालेले नाही, ते दान आहे, कोणी बढाई मारू नये. त्या आजींनी उरलेल्या आयुष्यात दुसरे काहीच केले नसते तरी त्यांच्या नावापुढची देवाची सही पुसली जाणार नव्हती. हे ज्याला सांगता येत नाही त्याने सुवार्ता सांगू नये, असे मला वाटते.

मात्र याच सत्याचे ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ कधी होऊन बसते, ते आपल्याला कळत नाही. खाटेवर पडून राहावे लागणे वेगळे, आणि धडधाकट माणसाने खाट न सोडणे वेगळे. आजींना दिलासा देणारे वचन तरुण आणि निरोगी माणसाने पांघरूण म्हणून ओढून घेतले, की ते वचन तेच राहते, पण तो माणूस खोटे बोलत असतो.

हा वाद आपण पहिल्यांदा घालत नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये पेलाजियस नावाचा एक कडक आचाराचा ख्रिस्ती शिक्षक होता. भोवतालचे ख्रिस्ती लोक ढिले पडलेले पाहून तो अस्वस्थ झाला होता. ‘तू जे करायला सांगतोस ते करण्याचे बळ आधी दे, आणि मग हवे ते सांग’ अशा अर्थाची उत्तर आफ्रिकेतल्या ऑगस्टीन या बिशपाची प्रार्थना त्याच्या कानावर आली, तेव्हा तो चिडला. बळ द्या म्हणून हात पसरणारा माणूस जबाबदारी टाळतो आहे, असे त्याला वाटले. त्याची चिंता खोटी नव्हती. त्याचा उपाय चुकला. माणूस स्वतःच्या बळावर देवाची आज्ञा पाळू शकतो, असे त्याने मानले, आणि ४१८ च्या कार्थेज परिषदेने ते मत नाकारले. इथवरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. पुढची मला जास्त महत्त्वाची वाटते. त्यानंतर काही वर्षांनी, आजच्या ट्युनिशियात सूस शहर आहे तिथल्या हाद्रुमेटमच्या मठात ऑगस्टीनचे लिखाण पोचले आणि मठवासीयांमध्ये तट पडले. काही जण म्हणू लागले, सगळे कृपेनेच होत असेल तर आमच्या चुकांबद्दल आम्हाला बोलता कशाला? आम्हाला कृपा मिळावी म्हणून फक्त प्रार्थना करा. म्हणजे कृपेच्या सर्वांत मोठ्या शिक्षकाच्या हयातीतच त्याच्या शिकवणीचे पांघरूण झाले होते. उत्तरादाखल म्हाताऱ्या ऑगस्टीनला दोन ग्रंथ लिहावे लागले. त्याच्या उत्तराचा गाभा असा, की ज्याने तुम्हाला तुमची चूक दाखवली त्याच्या तोंडून कृपाच काम करत असेल, तर त्याला गप्प बसवून तुम्ही कशावर विसंबता आहात? मला हा प्रश्न शिबिरातल्या पहिल्या बाजूला विचारावासा वाटतो. तुम्ही ज्या आवाजाची वाट पाहता आहात तो मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्याच्या तोंडून आधीच येऊन गेला नसेल कशावरून?

तेराशे-चौदाशे वर्षांनंतर इंग्लंडच्या बाप्टिस्ट मंडळ्यांमध्ये हेच पुन्हा घडले. देवाने ज्यांना निवडले आहे त्यांना तो त्याच्या वेळी वाचवील, माणसाने मध्ये पडायचे कारण नाही, असे मानणारे लोक त्यांच्यात बरेच होते. विल्यम कॅरी हा चांभारकाम करून पोट भरणारा तरुण पाळक दूरदेशी सुवार्ता नेण्याविषयी बोलू लागला, तेव्हा एका ज्येष्ठाने त्याला खाली बसवले, देवाला करायचे तर तो तुझ्यामाझ्या मदतीशिवाय करील असे सुनावले, अशी गोष्ट सांगतात. त्या ज्येष्ठाच्या मुलाने पुढे ती नाकारली होती, म्हणून मी तिच्यावर भार टाकत नाही. टाकायची गरजही नाही, कारण कॅरीने १७९२ मध्ये छापलेल्या पुस्तिकेचे नावच पुरेसे आहे. विधर्मीयांच्या परिवर्तनासाठी ‘साधने वापरण्याचे’ ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य, हा तिचा विषय होता. साधन हा शब्द त्याने मुद्दाम मथळ्यात घातला. कॅरी स्वतः कॅल्व्हिनच्या परंपरेतला, तारण पूर्णपणे देवाच्या हाती आहे असे मानणारा. त्याचा दावा एवढाच होता की देव साधनांतून काम करतो, आणि साधन हाती असून न वापरणे ही नम्रता नव्हे.

आपल्याला त्याचे पुढचे आयुष्य परके नाही. तो १७९३ मध्ये बंगालमध्ये आला, कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीही शिकवू लागला. १८०५ मध्ये त्याचे मराठी व्याकरण छापून झाले, १८१० मध्ये मोडी लिपीतला कोश, आणि १८११ मध्ये मराठी नवा करार. या सगळ्यात त्याच्या शेजारी बसून मराठी सांगणारे वैजनाथ पंडित होते, ख्रिस्ती न झालेले. माझ्या भाषेत ‘कृपा’ हा शब्द छापील शुभवर्तमानात पहिल्याने आला तो असा, एका चांभारकाम केलेल्या इंग्रजाच्या हट्टातून आणि एका ब्राह्मण पंडिताच्या जिभेवरून. देवाने साधने निवडताना आपल्याला विचारले नव्हते, हे मला इथे फार जाणवते.

आता पुण्याजवळच्या केडगावला येतो, कारण या प्रश्नावर मराठी माणसाजवळ जी सर्वांत मोठी साक्ष आहे ती तिथली आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. उच्चवर्णीय बालविधवांना शिक्षण आणि आसरा देणारे ते घर होते. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. इतके सगळे उभे करून झाल्यावर रमाबाई आपल्या साक्षीत काय सांगतात? बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्या ध्यानात आले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळालेला नाही. आपण धर्मावर, स्वतःच्या समजुतीवर आणि कामावर उभ्या होतो, कृपेवर नव्हतो.

ही साक्ष दोन्ही बाजूंना अडचणीची आहे आणि म्हणूनच ती कोणी नीट वाचत नाही. वाट पाहणाऱ्यांना ती सांगते, की रमाबाई आतली खात्री पटेपर्यंत थांबल्या असत्या तर १८८९ मध्ये सदन निघाले नसते आणि त्या मुली होत्या तिथेच राहिल्या असत्या. धावपळ करणाऱ्यांना ती सांगते, की एवढे मोठे, एवढे निःस्वार्थ काम करणाऱ्या बाईलाही ते काम पुरले नाही. ज्याला आपण ‘फळ’ म्हणतो ते तिच्या अंगणात लगडलेले असताना तिचा आत्मा उपाशी होता. ज्या मंडळीत अहवाल वाचून एखाद्याची आध्यात्मिक प्रकृती ठरवतात तिथे ही गोष्ट दरवर्षी वाचायला हवी.

आणि कृपा उमगल्यानंतर काय झाले? कृपा कळली की माणूस हात बांधून बसतो, असे ज्यांना भय वाटते त्यांनी हे पाहावे. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंचे आईवडील आणि मोठी बहीण अशाच एका दुष्काळात उपासमारीने गेले होते. भावाबरोबर मैलोन्‌मैल पायी हिंडल्याची आठवण त्यांच्या अंगात होती. त्या तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून केडगावच्या माळावर विकत घेतलेल्या जमिनीत विहिरी खणल्या, झोपड्या उभ्या केल्या, आणि १८९८ मध्ये मुक्ती सदनाची वास्तू देवाला अर्पण केली. त्याच सुमारास अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांपुरती कबूल केलेली मदत संपत आली होती. म्हणजे ठरलेला पैसा संपत होता आणि खाणारी तोंडे वाढत होती. १९०० च्या दुष्काळानंतर मुक्तीतली माणसे दोन हजारांच्या घरात गेली. तिथे शेती होती, माग होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता, अंध मुलींसाठी शाळा होती. आणि समाजाने ज्यांना ‘पतित’ म्हणून टाकले अशा स्त्रियांसाठी एक वेगळे घर होते. त्याचे नाव रमाबाईंनी ‘कृपा सदन’ ठेवले. मला त्या नावाशी थांबावेसे वाटते. कृपा म्हणजे मनातला एक गोड भाव, असे आपण समजतो. केडगावला कृपेला भिंती होत्या, कुडाचे दार होते, चूल होती, आणि सकाळी उठून कोणीतरी त्या चुलीत जाळ घालत होते.

इथे कामाच्या बाजूचे लोक मला टोकतील: मग शेवटी कामच झाले ना? फरक काय पडला? फरक हा पडला, की रमाबाईंना ते काम आपले म्हणून धरून ठेवावे लागले नाही. शेवटची कितीतरी वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल एकटीने मराठीत आणण्यात घालवली, खेड्यातल्या बाईला समजेल अशा भाषेत. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, जिच्या हाती मुक्ती सोपवायची होती. स्वतःच्या कर्तृत्वावर उभा असलेला माणूस अशा धक्क्याने कोसळतो, कारण त्याचा वारसच गेलेला असतो. रमाबाई पुढच्या एप्रिलपर्यंत भाषांतराच्या कामात होत्या. पौलाने स्वतःविषयी लिहिले ते हेच आहे. सगळ्यांपेक्षा मी अधिक श्रम केले, आणि ते मी नव्हे, माझ्याबरोबर असलेल्या देवाच्या कृपेने केले. एका श्वासात दोन्ही.

तरीही या सगळ्यावरचा सर्वांत कठीण आक्षेप अजून बाकी आहे, आणि तो शिबिरात कोणी काढलाच नाही. ‘देवाने मला बोलावले’ या वाक्याला उलटतपासणी करता येत नाही. जो ते उच्चारतो त्याला बायकोला, मंडळीला, कोणालाच उत्तर द्यावे लागत नाही. रमाबाईंवर १८९३ मध्ये जी टीका झाली ती सगळीच दुष्टाव्याची नव्हती. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील या विश्वासावर पालकांनी मुली पाठवल्या होत्या. त्या मुली बाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्यावर पालकांना फसवले गेल्यासारखे वाटले, तर त्यांचे सगळेच चुकले असे म्हणवत नाही. आणि नारायण वामन टिळकांची गोष्ट तर प्रत्येक मराठी घराला ठाऊक असावी. तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताच्या पायांशी आलो असे म्हणणाऱ्या या कवीने १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नीला आधी सांगितले नाही. हाक त्यांना आली, पण तिचा खर्च लक्ष्मीबाईंनी भरला. पदरात लहान मूल, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, दुःखाने वेड लागायची पाळी, नातलगांच्या घरी काढलेली वर्षे. टिळकांवर माझे प्रेम आहे, त्यांची भजने गातच मी वाढलो. पण हा खर्च मी ‘देवाची योजना’ म्हणून पुसून टाकणार नाही. पाचारणाचा असाच वापर करून आजही सुवार्तिकाला आणि बायबल वाचकबाईला तुटपुंजे मानधन दिले जाते, आणि तिने तोंड उघडले की ‘ही सेवा आहे बाई, नोकरी नव्हे’ असे ऐकवले जाते. बोलावणारा देव आणि वाचवलेला पैसा मात्र संस्थेचा!

हा आक्षेप मला पुरा मान्य आहे. पण त्यातून ‘म्हणून पाचारण हे थोतांड’ असा निष्कर्ष निघत नाही. हाक तपासावी लागते, असा निघतो. आणि शास्त्रात तपासाची सोय पहिल्यापासून आहे. शमुवेलाची गोष्ट आपण संडे स्कूलमध्ये झोपेतून उठणाऱ्या गोड मुलाची म्हणून सांगतो आणि तिचा अर्धा अर्थ सोडून देतो. मुलाला हाक ऐकू येते, पण कोणाची ते त्याला कळत नाही. तो उठतो आणि एलीकडे धावतो. तीन वेळा उठतो, तिन्ही वेळा चुकीच्या माणसाकडे जातो. देव त्याला त्याबद्दल बोल लावत नाही. हाक कोणाची हे ओळखून देतो तो एली, दृष्टी मंद झालेला, मुलांना आवर न घालू शकलेला, पदावरून जाऊ घातलेला याजक. आणि शमुवेलाला मिळालेला पहिला संदेश त्या एलीच्याच घराविरुद्ध असतो! तरी सकाळी एली तो ऐकून घेतो. म्हणजे हाक खरी की खोटी हे एकट्याने ठरवायचे नसते, दुसऱ्या कोणापुढे न्यायचे असते. आणि तो दुसरा पवित्रच असला पाहिजे अशी अट नाही. ज्याला आपली हाक कोणाहीपुढे न्यायची नसते, त्याच्या हाकेवर मी विश्वास ठेवत नाही.

लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात आणखी एक गोष्ट दिसते. नवऱ्याची हाक त्यांना लागू झाली नाही. त्या परत आल्या तरी आपले सोवळे, आपली चूल वेगळी ठेवून आल्या. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाचा निकाल त्यांनी एका रात्री स्वतःशीच लावला आणि मग कोणाच्याही हातचे पाणी घेतले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो नवऱ्यामागून ओढल्या जाऊन नव्हे. टिळकांची घाई कृपेला लागली नव्हती. ती बाईंच्या पायरीवर बाईंच्या वेगाने चढली. दुसऱ्याच्या वतीने ओ देता येत नाही, हे टिळकांनाही शिकावे लागले असणार.

एक मुद्दा पाळकीपेशाविषयी. पाचारण म्हणजे पाळक होणे किंवा मठात जाणे, इतकेच आपण धरतो. धर्मसुधारक ल्यूथरने सोळाव्या शतकात हे कुंपण मोडले. चांभार, दाई, आई यांचे रोजचे काम हेही पाचारण असे शिकवले. हे सांगायला सोपे, पण आपल्या देशात ते जपून सांगावे लागते. पौल करिंथकरांस लिहितो की ज्याला ज्या स्थितीत पाचारण झाले त्या स्थितीत त्याने राहावे. हे वाक्य बलुतेदारीच्या गावात वाचून दाखवा! नगर जिल्ह्यातल्या आमच्या आजोबा-पणजोबांना मेलेले ढोर ओढण्याचे काम हे देवाचे पाचारण आहे असे कोणी सांगितले असते, तर ख्रिस्ताला आणि मनूला वेगळे कसे ओळखायचे? पण पौल तिथे थांबत नाही. लगेच पुढच्या वचनात गुलामाला म्हणतो, मोकळे होता येत असेल तर खुशाल हो. पाचारण माणसाला जागेला खिळत नाही. जिथे आहे तिथे ते त्याला गाठते, आणि मग राहायचे की निघायचे हा प्रश्न मोकळेपणाने विचारू देते. आमच्या वाडवडिलांनी निघायचे ठरवले. तीही ओ होती.

कॅथॉलिक आणि ल्यूथरपंथीयांनी चार-साडेचार शतकांच्या भांडणानंतर ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्गमध्ये एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. त्यात कबूल केले आहे की आपल्या कोणत्याही पात्रतेमुळे नव्हे, केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, आणि त्याच कृपेने मिळणारा पवित्र आत्मा आपल्याला सत्कर्मांसाठी सज्ज करतो आणि बोलावतो. जे वसईच्या कॅथॉलिक आणि नगरच्या प्रोटेस्टंट वडिलांनी वेगवेगळ्या बाकांवर बसून एकमेकांविरुद्ध पाठ केले, ते तिथे एकाच वाक्यात मावले. आपण मात्र शिबिरात त्याचे पुन्हा दोन तुकडे करून दोन बाजूंना वाटले.

मग स्पष्ट आवाजाचे काय? हिटलरला विरोध करणारा जर्मन पाळक डीट्रिख बॉनहॉफर जून १९३९ मध्ये न्यूयॉर्कला सुरक्षित पोचला होता. मित्रांनी त्याच्यासाठी काम शोधून ठेवले होते. त्याच्या त्या दिवसांच्या रोजनिशीत आकाशवाणी नाही. घालमेल आहे, आणि आपण का परत जातो आहोत हे आपल्यालाच नीट उमगत नाही अशी कबुली आहे. एके दिवशी नेमलेल्या वाचनात ‘हिवाळ्यापूर्वी ये’ हे तीमथ्याला लिहिलेले साधे निरोपाचे वाक्य आले, आणि ते त्याच्या मनातून जाईना. पुढच्याच महिन्यात तो जर्मनीला परतला. ९ एप्रिल १९४५ ला नाझींनी त्याला फाशी दिली. ‘स्वस्त कृपा’, म्हणजे काहीही किंमत न मोजता घेतलेली कृपा, हा शब्द ज्याने आपल्याला दिला, त्याला स्वतःच्या हाकेची खात्री शंभर टक्के नव्हती. तो खात्रीवर नव्हे, कृपेवर विसंबला. आपला निर्णय चुकला असेल तर त्याचीही क्षमा आहे, यावर. मला वाटते विसंबणे म्हणतात ते हेच. चूक होणार नाही याची हमी मिळाल्यावर निघायचे असेल, तर विसंबायला उरते काय?

येशूने दोन मुलांचा दाखला सांगितला. बाप म्हणाला, आज द्राक्षमळ्यात कामाला जा. एक म्हणाला नाही, पण नंतर पस्तावून गेला. दुसरा म्हणाला जातो महाराज, आणि गेला नाही. शिबिराच्या दोन्ही बाजूंचे वक्ते ‘जातो महाराज’ फार छान म्हणाले होते.

त्या संध्याकाळी समारोपाच्या प्रार्थनेआधीच ती नर्स बॅग घेऊन निघाली. तिची रात्रपाळी होती. मी तिला फाटकाशी गाठले, बोलायचे पुष्कळ होते, पण एसटी यायची वेळ झाली होती. पुरुष वॉर्डात दोन अर्धांगवायूचे रुग्ण आहेत, दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते, असे ती सांगत होती. मी विचारले, रात्री एकाच वेळी दोन-तीन खाटांवरून ‘सिस्टर’ म्हणून हाक आली, की कोणाची ते अंधारात कसे कळते?

“नाही कळत, काका,” ती म्हणाली. “आधी उठते. गेले की कळते.”

एसटी आली आणि ती चढली.